सोलरची गरम लाइन: भेंडोळ्याचा पाइप गच्चीवरून न्हाणीघरापर्यंत

सोलापुरात सोलर वॉटर हीटर घेताना चौकशी होते ती टाकी किती लिटरची, नळ्या किती आणि गॅरंटी किती वर्षांची याची. टाकीपासून न्हाणीघरापर्यंतची लाइन कसल्या पाइपाची, केवढ्या मापाची आणि कोणत्या वाटेने न्यायची, हे बसवायला आलेल्या माणसावर सोडून दिलं जातं. मग पहाटे नळ सोडला की अर्धी बादली गार पाणी मोरीत जातं, किंवा वरच्या मजल्यावर शॉवरला धारच लागत नाही. दोष हीटरला दिला जातो. खरं दुखणं बहुतेक वेळा लाइनीत असतं. आणि ज्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं, तिथे रोज सकाळी वाया जाणारं ते पाणी क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही.

उघड्या गच्चीवरच्या गरम लाइनीला भेंडोळ्यात, म्हणजे कॉइलमध्ये येणारा कॉम्पोझिट पाइप हा माझ्या मते सगळ्यांत चांगला. मात्र तो नीट हाताळला तरच.

आधी काळ्या पाइपाचा घोळ मिटवू. आपल्या जिल्ह्यात काळ्या पाइपाचं भेंडोळं गावोगावी दिसतं. बोअरपासून शेततळ्यापर्यंत एचडीपीई, म्हणजे घट्ट पॉलिथिलीनचा पाइप, डाळिंबात आणि उसात ठिबकची १६ मिमी लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणारी बारीक नळी. स्वस्त असतो, घरात उरलेला असतो, म्हणून तोच सोलरला जोडलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो. हे करू नका. एचडीपीई हा गार पाण्याचा पाइप आहे. २० अंशांना त्याची जी दाबक्षमता धरतात ती ३० अंशांना ८७ टक्के आणि ४० अंशांना ७४ टक्के उरते. सोलरचं पाणी साठ-सत्तर अंशांना सहज जातं आणि उन्हाळ्यात त्याच्याही वर. अशा पाण्याने पाइप मऊ पडतो, दोन क्लॅम्पच्या मधे झोळ धरतो आणि कॉम्प्रेशन फिटिंगमधून हळूहळू निसटतो. ठिबकची लॅटरल तर त्याहून पातळ. तिचा गरम पाण्याशी काही संबंधच नाही.

कॉम्पोझिट पाइपात आतून आणि बाहेरून पॉलिथिलीन, मधे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि त्यांना धरून ठेवणारे चिकट थर असतात. गरम पाण्यासाठी त्यातलं पॉलिथिलीन क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे पेक्स, किंवा उष्णता सोसणारं पीई-आरटी असावं लागतं. याच दिसण्याचा फक्त गार पाण्याचा पाइपही बाजारात मिळतो, त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर न जाता पाइपावरची छपाई वाचा. त्यावर माप, कमाल तापमान आणि दाब लिहिलेला असतो. भारतीय मानक आयएस १५४५० हा क्रमांक शोधा. तापमानाचा आकडा छापलेला नसेल तर तो पाइप घेऊ नये.

मधल्या पत्र्याचा मोठा फायदा म्हणजे पाइप फार लांबत नाही. १५ मीटरची लाइन धरा. डिसेंबरच्या पहाटे रिकामा पाइप १५ अंशांवर, दुपारी आत ७५ अंशांचं पाणी, म्हणजे ६० अंशांचा फरक. साधा पेक्स एवढ्यात पंधरा-सोळा सेंटिमीटर लांबतो. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा पीव्हीसी, सहा सेंटिमीटरच्या आसपास, तर कॉम्पोझिट जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. हा खेळ रोज चालतो. सीपीव्हीसी वाईट नाही, भिंतीच्या आत तोच सोयीचा आणि स्वस्तही पडतो. पण तो तीन मीटरच्या नळ्यांत येतो, त्यामुळे उघड्या गच्चीवर पंधरा मीटरला चार-पाच सॉकेट आणि वर एल्बो, म्हणजे वळणाच्या फिटिंगं, एवढे सोल्युशनने चिकटवलेले जोड येतात आणि प्रत्येक जोड रोज ओढला जातो. भेंडोळ्याच्या पाइपाला मधे जोडच नसतो. दोन टोकांना दोन फिटिंगं, बस्स.

आता माप. याबाबतीत सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात. कॉम्पोझिटची मापं १२१६, १६२०, २०२५, २५३२ अशी बोलतात. पहिले दोन आकडे आतला व्यास, पुढचे दोन बाहेरचा, दोन्ही मिमीत. १५ मीटर लाइनीत किती पाणी अडकून गार होतं ते बघा: १२ मिमीच्या आतल्या व्यासात १.७ लिटर, १६ मिमीत ३ लिटर, २० मिमीत ४.७ लिटर, २५ मिमीत ७.४ लिटर. गरम पाणी यायच्या आधी एवढं पाणी बाहेर पडलंच पाहिजे, शिवाय पाइप स्वतः तापायला थोडं वर. ‘मोठा पाइप टाका, धार चांगली येईल’ म्हणून इंची लाइन टाकली की दर खेपेला सात-आठ लिटर गेलंच. घरात सकाळी, दुपारी, रात्री अशी तीन वेळा लाइन गार होऊन पुन्हा वापरली तर महिन्याला साडेसहाशे लिटरच्या वर जातं. १६२० मध्ये तेच पावणेतीनशेच्या आत राहतं.

मग सगळ्यांत बारीक १२१६ का नको? कारण घरगुती सोलर गुरुत्वावर चालतो, दाब मिळतो तो गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीचा. हीटर किती उंच आहे याने दाब ठरत नाही, हीटरला पाणी देणारी टाकी किती उंच आहे याने ठरतो. वरच्या मजल्यावरच्या शॉवरपासून त्या टाकीतल्या पाण्यापर्यंत, टाकी अर्धी रिकामी झाल्यावर, अडीच मीटर उंची मिळाली तरी पुष्कळ. मिनिटाला ६ लिटर पाणी घेतलं तर १५ मीटरच्या १२१६ मध्ये घर्षणात सव्वा मीटर उंची खर्च होते, म्हणजे निम्मा दाब पाइपातच संपतो. १६२० मध्ये साधारण एक फूट, २०२५ मध्ये दहा-अकरा सेंटिमीटर. म्हणून वरच्या मजल्याला पंधरा मीटरपर्यंत १६२० हे बरोबर माप. वीस-पंचवीस मीटरच्या पुढे गेलात, किंवा एकाच वेळी दोन न्हाणीघरांना पाणी हवं असेल, तर २०२५. खालच्या मजल्याला तीन मीटर उंची जास्तीची मिळते, तिथे एकट्या वॉशबेसिनला १२१६ सुद्धा चालतो आणि पाणीही वाचतं. मात्र फिटिंगचं बोंड, म्हणजे तिचं पुढे आलेलं नळीसारखं टोक, पाइपाच्या आत शिरतं आणि त्याची वाट पाइपापेक्षा चांगलीच अरुंद असते. चार एल्बो बसवले की मोठ्या पाइपाचा फायदा तिथेच गेला. वळणं पाइपानेच घ्या, फिटिंगने नव्हे.

आता भेंडोळं उघडण्याबद्दल, कारण पुढची निम्मी दुखणी इथे सुरू होतात. भेंडोळं जमिनीवर उभं धरून सायकलच्या चाकासारखं गडगडवत उलगडायचं. आडवं ठेवून एकेक वेढा वर उचलून ओढला तर प्रत्येक वेढ्यागणिक पाइपाला एक पीळ पडतो आणि तो पीळ पुढे क्लॅम्पलाही दाद देत नाही. सगळ्या पट्ट्या एकदम कापू नका, जेवढा लागेल तेवढाच मोकळा करा. जाड एचडीपीईचं भेंडोळं तर पट्टी सुटताच अंगावर उसळतं, टोक तोंडावर बसू शकतं. थंडीत पाइप ताठर असेल तर पंधरा-वीस मिनिटं उन्हात ठेवा. एप्रिल-मे मध्ये उलट, सकाळी दहाच्या आत काम उरका. दुपारच्या उन्हात पाइप इतका मऊ होतो की वळणावर हमखास दुमडतो.

उघडलेल्या टोकाला लगेच चिकटपट्टी लावा. दोन दिवस टोक उघडं राहिलं की कुंभारीण माशी आत मातीचं घर करते, आणि ते ढेकूळ पुढे पाण्याबरोबर जाऊन शॉवरच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतं.

गच्चीच्या सपाट भागावर पाइप पसरून, एका टोकावर पाय ठेवून, हातांनी दाबत सरळ करा. कॉम्पोझिट एकदा सरळ केला की सरळ राहतो, पत्रा त्याला धरून ठेवतो. साधा पेक्स पुन्हा वळतो. सरळ करण्यात घाई केली की पाइपात बारीक लाटा राहतात, एक वर, एक खाली. डोळ्याला त्या फारशा दिसत नाहीत. पण पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते, बुडबुडे लाटेच्या माथ्यावर जमतात आणि गुरुत्वाचा जेमतेम दाब त्या हवेला ढकलू शकत नाही. सकाळी धार येते, दुपारी बारीक होते, संध्याकाळी बंद. गार नळ चालू, गरम बंद, आणि कुठे गळती नाही, असं असेल तर आधी हवाच शोधा. लाइनीला सोलरच्या टाकीपासून नळापर्यंत सलग उतार हवा. मीटरला एक सेंटिमीटर पुरे, पण मधे कुठेही चढ नको. दोरी बांधून किंवा पाण्याची पारदर्शक नळी धरून उतार तपासा, नजरेवर जाऊ नका. आडव्या लाइनीला दर दीड-दोन फुटांवर क्लॅम्प मारा, आणि क्लॅम्प घट्ट आवळणारा नको. पाइप त्यात सरकला पाहिजे.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे कठड्यावरून चढवून पलीकडे उतरवलेली लाइन. तिथे उलटा यू तयार होतो आणि हवा कायमची मुक्काम करते. कठड्याला खालून, गच्चीच्या पातळीच्या थोडं वर भोक पाडून पाइप न्या, भोकात पीव्हीसीचा तुकडा बसवा आणि भोवती वॉटरप्रूफिंग करून घ्या. काही कारणाने वरूनच न्यावी लागली तर उंच जागी टी, म्हणजे तीन तोंडांची फिटिंग, लावून उभी हवानळी काढा, जिचं तोंड गार टाकीच्या पाण्यापेक्षा वर असेल.

वळणासाठी स्प्रिंग मिळते. पाइपाच्या मापाची घ्या. किमान त्रिज्या बाहेरच्या व्यासाच्या पाचपट, म्हणजे १६२० ला १० सेंटिमीटर. एकदा वळवलेली जागा पुन्हा सरळ करून परत वळवू नका, आतला पत्रा चिरतो. घडी पडली तर तेवढा तुकडा कापून टाका. गरम हवेने घडी सरळ करायची युक्ती साध्या पेक्सच्या काही प्रकारांना चालते, कॉम्पोझिटला नाही.

जोड करताना कटरच वापरा, एक्सा ब्लेड नको. ब्लेडने काप तिरका जातो आणि बुरा आत राहतो. भेंडोळ्यात राहिल्यामुळे पाइपाचं तोंड पूर्ण गोल नसतं, किंचित लांबट असतं. हाच गळतीचा खरा उगम. म्हणून कापल्यावर रीमर घालून फिरवायचा. तो तोंड गोल करतो आणि आतल्या कडेला उतरती कड पाडतो. हे केलं नाही तर पाइप ढकलताना त्याची धारदार कड फिटिंगवरची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, कापते. कापलेली ओ-रिंग पहिल्या दिवशी गळत नाही. महिनाभर गरम-गार झाल्यावर पाझरू लागते, तेव्हा वर प्लास्टर झालेलं असतं. आधी नट, मग रिंग पाइपात घाला, फिटिंगच्या मुळाशी पांढरी प्लास्टिकची चकती आहे ना ते बघा. ॲल्युमिनियमची कड पितळेला लागली तर ती गंजत जाते, ते रोखायला ती चकती असते. ओ-रिंगला पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. पाइप पूर्ण तळापर्यंत ढकला, नट हाताने बसवा आणि मग दोन पान्यांनी, एकाने फिटिंग धरून दुसऱ्याने नट, साधारण एक फेरा आवळा. एकाच पान्याने आवळलं तर सगळा पीळ पाइपात जातो.

टाकीतून निघणारा पहिला मीटर-दीड मीटर मात्र धातूचाच ठेवा, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) किंवा स्टीलचा. कॉम्पोझिटची मर्यादा साधारण ९५ अंशांची. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, घरात गरम पाणी कुणाला नको असतं, कुटुंब गावाला गेलेलं असतं, आणि काचेच्या नळ्यांच्या हीटरमधलं पाणी उकळीला येतं. ती वाफ आणि उकळतं पाणी पहिल्यांदा टाकीजवळच्या पाइपाला गाठतं. टाकीची हवानळी उघडी आहे का हेही उन्हाळ्याच्या तोंडाशी बघा. आपल्या बोअरच्या जड पाण्यात क्षार बसून ती बुजते. उन्हाळाभर निम्म्या नळ्यांवर चवाळं बांधून ठेवलं तर टाकी, पाइप आणि ओ-रिंग, तिन्हींचं आयुष्य वाढतं.

लाइनीवरचं कव्हर कशासाठी, याबद्दल गैरसमज फार. १६२० मध्ये ६० अंशांचं पाणी, बाहेर १८ अंश, असं धरून हिशेब केला तर उघड्या पाइपात ते पंधरा-वीस मिनिटांत ४० वर येतं. वारा असेल तर आणखी लवकर. १३ मिमी जाडीचं नायट्रिल रबराचं कव्हर घातलं तर चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणजे कव्हर लाइन रात्रभर गरम ठेवणार नाही, तशी अपेक्षाच चूक आहे. ते लागोपाठच्या आंघोळींमधला वेळ सांभाळतं. एक बाहेर आला, दुसरा अर्ध्या तासाने गेला, तर मधे पुन्हा तीन लिटर टाकावं लागत नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे ते पाइपाला उन्हापासून वाचवतं. काळ्या एचडीपीईत ऊन सोसायला अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन ब्लॅक असतो. पेक्स आणि कॉम्पोझिटच्या बाहेरच्या थराला सहसा तसलं संरक्षण नसतं. उघडा ठेवला तर तो थर ठिसूळ होऊन तडकतो.

पांढरा किंवा राखाडी फोमचा पाइप स्वस्त म्हणून घेऊ नका, आपल्या उन्हात त्याचा एक-दोन उन्हाळ्यांत चुरा होतो. नायट्रिलच्या नळ्या दोन मीटरच्या येतात. पंधरा मीटरला आठ लागतात, नऊ आणा. २० मिमीच्या पाइपाला २२ मिमी आतल्या मापाची नळी. फिटिंग बसवायच्या आधीच ओवून घ्या. चिरून घातलेली नळी उन्हाने पुन्हा उकलते. तुकडे जोडताना थोडे दाबून चिकटवा, पुढे ते आकसतात आणि मधे पाइप उघडा पडतो. नायट्रिललाही वरून आच्छादन हवंच. सरळ भागावर शेतीच्या दुकानातला ६३ मिमीचा राखाडी पीव्हीसी पाइप ओवला तर स्वस्तात काम होतं आणि उंदीर-खारी कुरतडत नाहीत. वळणांवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी.

पेठांतल्या जुन्या घरांत न्हाणीघर परसात असतं आणि हीटर पुढच्या सोप्यावर. (मातीच्या माळवदावर हीटर ठेवू नका. दोनशे लिटरची टाकी भरल्यावर नुसतं पाणीच दोनशे किलो होतं. जमिनीपासून लोखंडी मांडणी उभी करा.) अशा घरात लाइन अंगणातून जमिनीखालून न्यावी लागते. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ताठ पाइपाचे जोड ओढून काढते. इथे सलग भेंडोळ्याचा पाइप खरा उपयोगी पडतो. चर दीड ते दोन फूट खोल, तळाला चार इंच वाळू किंवा चाळलेला मुरूम, त्यावर ९० मिमीचा पीव्हीसी, आणि त्याच्या आत कव्हरसकट गरम पाइप. वर पुन्हा मुरूम, काळी माती सगळ्यांत वर. पीव्हीसीला वळण घ्यायचं तर ९० अंशांचा एल्बो नको, ४५ अंशांचे दोन बेंड थोडं अंतर ठेवून लावा, नाहीतर आतला पाइप पुढे सरकत नाही. बाहेरच्या पाइपात पाणी शिरलं तर कव्हर भिजतं आणि भिजलेलं कव्हर उष्णता अडवत नाही. म्हणून दोन्ही टोकं जमिनीच्या सहा इंच वर काढून बंद करा. जमिनीखालून गेलेली लाइन पलीकडे पुन्हा वर चढते, तिथे उताराचा नियम मोडतोच. त्यामुळे चढाच्या माथ्यावर टी आणि हवानळी, आणि धार बारीक पडू नये म्हणून एक माप मोठा पाइप, हे आधीच धरून चाला.

चर बुजवायच्या आणि कव्हर चिकटवायच्या आधी दाबाची चाचणी घ्या. हाताच्या पंपाने ४-५ किलो दाब द्या, हवा पूर्ण काढून. पण सोलरची टाकी जोडलेली असताना नव्हे. ती बिनदाबाची असते, फाटेल. फक्त लाइन, दोन्ही टोकं बंद करून. सुरुवातीला काटा थोडा उतरतो, कारण पाइप ताणला जातो. पुन्हा पंप मारा आणि मग तासभर काटा हलता कामा नये. त्यानंतर टाकी जोडून एक पूर्ण दिवस गरम पाणी खेळू द्या, रात्री गार होऊ द्या, आणि सकाळी सगळे नट पुन्हा तपासा. बहुतेकांत पाव फेरा जागा निघते.

शेवटी न्हाणीघराच्या आधी, हात पोचेल अशा जागी, एक बॉल व्हॉल्व्ह आणि त्यापुढे वाय-स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी जाळीची फिटिंग, बसवा. टाकीत बसलेल्या क्षारांच्या खपल्या सुटून लाइनीत येतात आणि पहिल्यांदा फिटिंगच्या अरुंद बोंडाशी किंवा मिक्सरमध्ये अडकतात. बोअरचं पाणी असेल तर स्ट्रेनरची जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा, नळाचं पाणी असेल तर तीन महिन्यांनी चालतं. जाळीवर पांढऱ्या खपल्यांऐवजी काळे रबराचे कण दिसले तर कुठली तरी ओ-रिंग कापली गेली आहे. टाकीकडच्या जोडापासून शोधायला सुरुवात करा.